मेलेलं माकड कोणत्या खात्याचं?

प्रति,
आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे अधिकारी,
सिंधुदुर्ग जिल्हा.

विषय: काजूचा हंगाम सुरू होण्याआधी माकडतापाचा बंदोबस्त करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तिघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण तीन वेगळी पत्रं पाठवली तर तीन उत्तरं काय येतील ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आरोग्यवाले म्हणतील, माणूस तापला की आणा, माकड आमच्याकडे येत नाही. वनवाले म्हणतील, माकड आमचं खरं, पण तापाचं आम्हांला काय कळतं? आणि गुरांचे डॉक्टर म्हणतील, आम्ही गाई-म्हशींचे, वन्यप्राण्याला हात लावायचा तर वरून पत्र हवं. यातलं एकही उत्तर खोटं नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे. माकडतापाचा विषाणू माकडात, तो पसरवणारा गोचीड गुरांवर आणि ताप माणसाला. तीन खात्यांच्या वाटण्या कागदावर ठीक असतात. गोचिडाला त्या कोणी समजावून सांगितलेल्या नाहीत.

भात घरात आलं, तुळशीची लग्नं लागली, काजूला नवी पालवी दिसायला लागली. आणखी दीड-दोन महिन्यांत बी पडायला लागेल आणि आम्ही बाया टोपल्या घेऊन बागेत वाकू. जे करायचं ते त्याआधी करावं, म्हणून आत्ताच लिहिते.

आमच्याकडे माकड मेलं की काय होतं, ते आधी सांगते. बहुतेक वेळा माकड दिसत नाही, वास येतो. बागेच्या वरच्या कडेला, जिथे काजू संपून रान सुरू होतं, तिथे कुठेतरी घाण सुटते. कोणीतरी काठीने पातेरा, म्हणजे झाडाखालचा पालापाचोळा, बाजूला करून बघतं. मग चर्चा. "वांदर मेलो हा. फोन खय करूचो?" दुसरा म्हणतो, "कित्याक फोन करतंस? उद्या तुकाच विचारतले, मारलंस काय म्हणान." हे भय अगदी खरं आहे. माकडांनी कणगीचे कंद उकरले, नारळ पाडले, केळीचे घड अर्धे खाऊन टाकले म्हणून गावात सगळेच त्यांच्यावर दात खाऊन असतात, हे वनखात्याला ठाऊक आहे. अशा माणसाच्या बागेत माकड मेलेलं सापडलं, तर वन्यजीव कायद्याखाली आपल्यालाच धरतील असं त्याला वाटतं. मग तो गपचूप खड्डा काढतो, नाहीतर काठीने ढकलून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, लोटतो आणि हात धुऊन जेवायला बसतो.

इथून पुढे जे घडतं, ते घडू नये म्हणून हे पत्र.

माकड जिवंत असेपर्यंत गोचिडांची पिल्लं त्याच्या अंगावर रक्त पीत असतात. माकडाच्या रक्तात विषाणू असला तर तो पिल्लांत जातो. माकड मेलं, अंग गार पडलं, की गोचीड तिथे थांबत नाहीत. ते खाली पातेऱ्यात उतरतात, कात टाकून पुढच्या अवस्थेत जातात आणि गवताच्या, झुडपाच्या टोकाशी येऊन पुढचं जनावर कधी जातंय त्याची वाट बघत बसतात. कात टाकली तरी विषाणू अंगात राहतो. म्हणून जिथे माकड मरून पडतं, त्या जागेच्या आसपासचा पट्टा पुढचे काही आठवडे सगळ्यांत धोक्याचा. कर्नाटकात अशा जागेभोवती मॅलेथिऑनची भुकटी मारतात. ती वेळेवर मारायची तर माकड मेल्याचं आधी कोणाला तरी कळायला हवं. आमच्याकडे ते खड्ड्यात जातं.

काठीने ढकलण्याबद्दलही दोन शब्द. 2012 च्या अखेरीस कर्नाटकात बांदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे, त्यांचं शवविच्छेदन करताना हाताळणारे लोकच आजारी पडले होते. ते तर जंगलात नोकरी करणारी माणसं. आमच्याकडे तेच काम माणूस लुंगी खोचून, अनवाणी पायांनी करतो.

हा आजार आपल्याकडे नवा वाटतो, पण देशात तो 1957 पासून ठाऊक आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापली. आधी पीतज्वराची शंका आली. आशियात कधीही न आलेला तो ताप आला की काय, म्हणून मोठी धावपळ उडाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथे जाऊन नवाच विषाणू शोधून काढला. त्याचे भाऊबंद रशियातल्या गोचिडांच्या तापात सापडत होते. मग प्रश्न असा, की सैबेरियातून पक्ष्यांच्या अंगावर बसून गोचीड आले की काय? ते तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवायचं मोठं काम हाती घेतलं, सलीम अलींच्या देखरेखीखाली. आपल्या देशात पक्ष्यांच्या स्थलांतराचा जो अभ्यास उभा राहिला, त्याच्या मुळाशी एका तापाची भीती होती, हे मला फार गमतीचं वाटतं. माणूस शोधायला जातो एक आणि हाताला लागतं दुसरंच.

पण आमच्या कामाची गोष्ट पुढची आहे. 1983-84 साली दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडी तालुक्यात या तापाचा मोठा उद्रेक झाला, दीड हजाराच्या आसपास माणसं आजारी पडली, दीडशेच्या घरात दगावली. तिथे त्याच सुमाराला रान साफ करून लागवड चालली होती. कसली? काजूची. काजूवर ज्यांचं घर चालतं त्यांनी हे वाचलं की घशात आवंढा येतो.

मग बरीच वर्षं हा आजार त्या चार-दोन तालुक्यांचाच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. 2012 नंतर ते धरून ठेवणं संपलं. आधी बांदीपूर, मग केरळात वायनाड, 2015 मध्ये आमच्या पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाली गाव, आणि 2016 च्या जानेवारीपासून आमचा दोडामार्ग. पुढे सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. नकाशावर बोट ठेवलंत तर ही रेघ सह्याद्रीच्या कडेकडेने वर सरकलेली दिसेल. आता कर्नाटक, गोवा आणि आपण या तिघांची रानं इथे एकमेकांत मिसळलेली. सत्तरीत माकड मेलं तर ते दोडामार्गला कोण कळवतं? माझ्या माहितीत तरी वर्तमानपत्र कळवतं, तेही दोन दिवसांनी.

आता काजूच्या बागेत या. आंब्यासारखी झाडावरून बी काढायची नसते. बोंडू, म्हणजे बी ज्याला लागते ते फळ, पिकून खाली पडतो, तो पातेऱ्यातून वेचायचा, पिळून बी वेगळी करायची, टोपलीत टाकायची. सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत कमरेत वाकून हेच. हात पातेऱ्यात, पाय पातेऱ्यात, साडीचा काष्टा ओला. आणि गोचिडाची जी मधली अवस्था माणसाला चावते, ती नोव्हेंबरपासून मेपर्यंत, त्यातही जानेवारी ते मार्चमध्ये सगळ्यांत जास्त असते. म्हणजे काजूचा हंगाम आणि तिचा हंगाम एकच. हा गोचीड गाईच्या कानात दिसतो तसला टम्म फुगलेला नसतो. खसखशीच्या दाण्याएवढा असतो. चावल्याचं कळत नाही. संध्याकाळी आंघोळीला बसल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, परकराची नाडी बांधतो तिथे काळा ठिपका दिसतो आणि तीळ आहे असं वाटतं. नखाने खरवडल्यावर त्याला पाय फुटतात. घाबरून बाया तो दोन नखांत चिरडतात, कोणी त्यावर रॉकेल ओततं, कोणी उदबत्तीने चटका देतं. हे सगळं चुकीचं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, मग साबणाने जागा धुवायची, आणि बागेतले कपडे गरम पाण्यात टाकायचे. एवढं सांगायला शिबिर लागत नाही. आशाताईंकडे चिमटे दिलेत तर घराघरांत त्याच शिकवतील.

पशुसंवर्धनवाल्यांनी इथे मान हलवून पुढे जाऊ नये, कारण आता तुमची पाळी. हा गोचीड मोठा झाला की त्याला मोठं जनावर लागतं: गवा, सांबर, आणि रानात चरायला सोडलेली आमची गुरं. पावसाळ्यात मादी गुराच्या अंगावर पोटभर रक्त पिते, खाली पडते आणि पातेऱ्यात हजारांनी अंडी घालते. गाय काही या तापाने आजारी पडत नाही. पण गोचिडांची फौज पोसायचं काम तीच करते. क्यासनूरच्या वेळी अभ्यासकांनी हेच सांगितलं होतं: वस्ती वाढली, गुरं वाढली, ती रानात आतपर्यंत जायला लागली आणि रानाच्या कडेला गोचीड माजले. म्हणजे पावसाळ्यात गुरांवरचे गोचीड कमी झाले, तर पुढच्या शिमग्यात बायांच्या पायांवरचे कमी होतील. तुमची गाडी लाळ्या-खुरकुताच्या लशीला गावात येतेच. तेव्हाच गोचिडाचं औषध फवारायचं, हे रानाला लागून असलेल्या वाड्यांपुरतं का होईना, ठरवून करता येईल. गोठ्यातही मारावं लागेल, भेगा-कपारींत. आणि इव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देणार असाल तर दूध किती दिवस वापरायचं नाही ते सांगून द्या, घाईत ते सांगायचं राहून जातं आणि बाई तेच दूध नातवाला पाजते.

आरोग्यखात्याला सांगण्यासारखं फार नाही, कारण माणूस तापल्यावर काय करायचं ते तुम्हांला आमच्याहून जास्त कळतं. फक्त एक. इथे कोणालाही ताप आला की आधी डोळ्यांसमोर डेंग्यू येतो, नाहीतर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात ते ठीक आहे. पण फेब्रुवारीत, कोरड्या खडखडीत दिवसांत, काजूच्या बागेतली बाई एकाएकी सणकून तापली, डोकं धरून बसली, अंग ठेचल्यासारखं दुखतंय म्हणाली, तर पहिला प्रश्न "कुठे काम करतेस?" हा हवा. गोचीड चावल्यापासून 3 ते 8 दिवसांत हा ताप येतो. कोणाच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. बरं वाटायला लागतं आणि मग 10 ते 20 टक्के लोकांना आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरा हल्ला येतो, तो मेंदूवर: असह्य डोकेदुखी, हातपाय थरथरणं, भ्रम. म्हणून ताप उतरला म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णाकडे त्या दोन आठवड्यांत कोणीतरी जाऊन यायला हवं. या तापावर नेमकं औषध नाही, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळीच मोठ्या दवाखान्यात हलवणं एवढंच हातात असतं. तरीही 100 तले 3 ते 5 जातात. दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन गिळणाऱ्यांना हेही सांगा, की रक्तस्राव होणाऱ्या तापात अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या घातक ठरतात, पॅरासिटामॉलवरच थांबावं. आणि हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, हेही दवंडी पिटून सांगा. नाहीतर होतं असं, की ज्या घरात माकडतापाचा रुग्ण निघाला, त्या घरची बी काट्यावर घ्यायलाही माणसं कचरतात.

लशीचं म्हणाल, तर तिच्यावर विसंबायची सोय सध्या नाही. कर्नाटकात 1990 पासून जी लस देत होते, तिचे दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी आणखी एक आणि पुढे दरवर्षी बूस्टर, असा मोठा पाढा होता, आणि एवढं करूनही पुरती खात्री नव्हती. 2022 मध्ये ती बंदच झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची लस बनवणारी कंपनी इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करत आहेत. ती येईल तेव्हा आम्ही रांगेत पहिल्या असू. तोवर आमची लस म्हणजे अंगाला लावायचं तेल. कर्नाटकात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेलं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल वाटतात. ते घामाने जातं, पुन्हा लावावं लागतं, आणि मार्चमध्ये वाटून उपयोग नसतो. 1 जानेवारीच्या आधी ते प्राथमिक आरोग्य केंद्रात हवं. वाटताना फक्त रेशनकार्डावरची नावं बघू नका. बागांमध्ये चंदगड-बेळगावकडून आलेले मजूर असतात, रबराच्या मळ्यांत केरळातले. त्यांचं इथे कार्ड नसतं, पण पाय आमच्यासारखेच पातेऱ्यात असतात.

वनखात्याशी थोडं भांडायचं आहे. माकडांचा बंदोबस्त करा, नसबंदी करा, उचलून न्या, ही मागणी आम्ही सगळ्यांनी केली आहे आणि ती मी मागे घेत नाही. वर्षभर राबून नारळ माकडांनी खाली टाकलेले बघितले की कोणाचंही डोकं फिरतं. पण याच रागात माकड मेलं तर बरंच झालं असं म्हणणारे गावात आहेत, त्यांना तुम्ही कधी समजावलंत का? वानर काय, लाल तोंडाचं माकड काय, या तापाने आमच्याआधी तेच मरतात. विषाणू रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत आणि गोचिडांत टिकून राहतो. माकडं संपली म्हणून तो संपत नाही. उलट माकड मरायला लागलं की आम्हांला आठवडा-पंधरा दिवसांची आगाऊ सूचना मिळते. ही सूचना फुकट आहे. ती आम्ही खड्ड्यात पुरतो, कारण तुम्हांला फोन करायची भीती वाटते. ती भीती काढणं तुमच्याच हातात आहे. माकड मेल्याचं कळवणाऱ्यावर, घातपाताची उघड खूण असल्याशिवाय, चौकशी लावणार नाही, एवढं एक वाक्य तुमच्या सहीने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या.

आणि झाडतोडीचं काय? दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात तोडीवर उच्च न्यायालयाची बंदी 2013 पासून आहे. तरी डोंगर उतारावर अननस, रबर दिसतात ते काही आकाशातून पडलेले नाहीत. रान तुटलं की कडा वाढतात, कडेला घाणेरी आणि रानमोडी ही तणं माजतात, त्यात उंदीर, त्यात गोचीड, आणि तिथूनच आमची पायवाट. न्यायालयाचा आदेश ही फक्त वाघ-हत्तींची बाब आहे असं समजू नका.

आता मागणं. माकड मेलं की लावायचा एकच नंबर द्या. तो कोणत्याही खात्याचा असो, उचलणाऱ्याने पुढच्या दोन खात्यांना कळवायचं, आम्ही नव्हे. उन्हाळ्यात मेलेलं जनावर दोन दिवसांत नासतं आणि मग तपासायला काही उरत नाही, म्हणून माणूस त्याच दिवशी यायला हवा, हातमोजे आणि पूर्ण पोशाख घालून, आणि नमुना बर्फात जायला हवा. भुकटी तपासणीच्या निकालाची वाट न बघता मारा. निकाल आला की तो गावाला कळवा, होय असो वा नाही. एकदा निकाल कळला नाही, की पुढच्या वेळी कोणी फोन करत नाही. आणि सत्तरीच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी तुमचा व्हॉट्सअ‍ॅप गट नसेल तर तो आजच काढा, याला मंत्रालयाची परवानगी लागत नसावी.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, म्हणूनच कदाचित ते राहून जातं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला बी पडायला सुरुवात झालेली असते. त्याआधी, डिसेंबर संपेपर्यंत नंबर मिळाला तर बागांच्या वाटेवरचे फलक आम्ही बचत गटातून रंगवून घेऊ. पत्रे गावात आहेत, रंगाचे पैसेही आम्ही काढू. नंबर मात्र तुम्हीच द्यायचा आहे.

कळावे,

आपली,
दोडामार्ग तालुक्यातली एक काजू बागायतदार